बोरकर सरांनी दिलेली एक माफी

बोरकर सर गेल्याची बातमी मला सिहोऱ्याच्या राइस मिलवर कळली. धान भरडायला आणला होता, पुढे सात-आठ जणांची पोती होती, म्हणून बाहेरच्या बाकावर बसून होतो. शाळेचा शिपाई सायकल दामटत आला, उतरला आणि म्हणाला, "बाबू, सर गेले." मी उठून उभा राहिलो. आता जे सांगतो ते सांगताना लाज वाटते, पण न सांगून उपयोग नाही. माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं... 'सुटलो.' सतरा वर्षांचा दोस्त गेला आणि मला वाटलं की सुटलो! दुःख मागून आलं, घरी जाताना, सायकलवर, आणि मग असं आलं की नहराच्या पुलाजवळ उतरून बसावं लागलं. पण तो पहिला शब्द काही पुसला जात नाही. सरांबद्दल लिहायचं तर त्या शब्दापासूनच लिहायला हवं, कारण सरांपासून मी नऊ वर्षं एक गोष्ट लपवून ठेवली होती आणि ते गेले तेव्हा वाटलं, चला, आता सांगायची गरज उरली नाही.

मी आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये लिपिक. गाव मला पटलेबाबू म्हणतं. दहा एकर धानाची शेतीही आहे, आणि तोंड जरा जास्तच चालतं हे घरच्यांसकट सगळे सांगतात. शालिक बोरकर सर आमच्याकडे नागरिकशास्त्र शिकवायला आले ते एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मजुरी केली, छप्पन साली बौद्ध झाले आणि पोराला शिकवायचं म्हणजे शिकवायचंच असं धरून बसले. सरांनी नोकरी करत करत, घरी बसून राज्यशास्त्रात एम.ए. केलं. त्यात एक पेपर अमेरिकेच्या राज्यकारभाराचा होता. परीक्षा झाली, निकाल लागला, पण तो पेपर काही सरांना सोडून गेला नाही. अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मी एकदा चिडवलं, "सर, भंडारा जिल्ह्यात राहून अमेरिकेच्या खुर्चीचं तुम्हाले काहून पडलं आहे?" ते हसले नाहीत. म्हणाले, "बाबू, माह्या बापानं एकाच माणसाचा हुकूम पाहिला. मालगुजाराचा. त्याले ना मुदत होती, ना आडकाठी. तिकडच्या लोकायनं बी एका माणसाच्या हाती एवढं सारं देलं, आन् तरी त्याले बांधून ठेवलं. ते कसं जमवलं, हे मले पाहाचं आहे."

माझं ऑफिस आणि अकरावीचा वर्ग यांच्यामध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत होती. त्यामुळे पोरांच्या आधी अमेरिकेचा अध्यक्ष मलाच पाठ झाला. दाखले लिहिता लिहिता ऐकत असे. घटना लिहिताना त्या लोकांनी अध्यक्षाबद्दल फार थोडं लिहिलं, कारण पहिला अध्यक्ष कोण होणार हे जवळपास ठरलेलंच होतं आणि त्या माणसावर सगळ्यांचा भरवसा होता. तो दोनदा निवडून आला आणि आपणहून घरी गेला, शेतीवर. कुठे लिहिलेलं नसताना पुढच्यांनी ती रीत जवळजवळ दीडशे वर्षं पाळली. मग एकाने मंदी आणि महायुद्धाच्या दिवसांत चार निवडणुका जिंकल्या, तेव्हा कुठे लोकांनी ते घटनेतच लिहून टाकलं. संसदेचा कायदा अध्यक्ष परत पाठवू शकतो, पण दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांशांनी तो पुन्हा केला तर मुकाट्याने मानायचा. तह करायचा, न्यायाधीश नेमायचा, तर वरच्या सभागृहाची संमती घ्यायची. तरीही ही खुर्ची वाढत कशी गेली, हे सांगताना सरांचा आवाज चढायचा, "पोरंहो, संकट आलं का खुर्ची हातभर वाढते. संकट जाते, पण खुर्ची काही आखडत नाही." आणीबाणीत हाच धडा शिकवताना त्यांचा आवाज खाली आला होता, एवढंच. एक ओळसुद्धा गाळली नाही. मी मात्र पलीकडे बसून खिडकीबाहेर कोण उभं आहे ते पाहत होतो.

सगळ्यात रंगायचे ते माफीच्या अधिकारावर. म्हणायचे, बाकी प्रत्येक अधिकारावर कोणीतरी पहारेकरी बसवला आहे, पण देशाच्या कायद्याने गुन्हेगार ठरलेल्या माणसाला माफ करणं हे एकट्या अध्यक्षाचं. महाभियोग तेवढा सोडला तर त्यात संसद नाही, कोर्ट नाही, कोणी नाही. चौऱ्याहत्तर साली तिथल्या अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला, तेव्हा सरांचा रेडिओ आठ दिवस बंद झाला नाही. मग महिनाभरातच नव्या अध्यक्षाने त्या जुन्याला माफी देऊन टाकली. सर सकाळी ऑफिसात आले, खुर्चीत बसले, समोरचा चहा निवू दिला. मग म्हणाले, "चांगलं केलं का वाईट, मले समजून नाही राहिलं, बाबू. भांडण मिटवाचं म्हणून देली असंन. पण एक आहे. त्यायच्या मोठ्या कोर्टानं पयलेच सांगून ठेवलं आहे... माफी घेतली म्हणजे गुन्हा कबूल केला." हे वाक्य मी तेव्हा एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

आमच्या गावचा तलाव मालगुजारीतला, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, पण पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी जायचं हे गावची पाणीवाटप समितीच ठरवते. गावात दोन तट, आणि अध्यक्षपदावरून दरवर्षी डोकी फुटायची वेळ. आणीबाणी उठली त्या सुमारास दोन्ही तटांना चालेल असा एकच माणूस निघाला, तो म्हणजे नहराच्या शेपटाकडे, जिथे पाणी शेवटी पोहोचतं तिथे, दोन एकर असलेले बोरकर सर. सरांनी काय करावं? पहिल्याच सभेत फुलस्केपचा कागद काढून नियम वाचून दाखवले! अध्यक्ष दोनदाच होता येईल. अध्यक्षाचा हुकूम पंचांना दोन-तृतीयांशांनी मोडता येईल. पाळी सोडून पाणी घेणाऱ्याच्या दोन पाळ्या बंद, आणि त्यात पाणकराचा हात असेल तर त्याचं काम जाईल. शिक्षा माफ करण्याचा अधिकार मात्र एकट्या अध्यक्षाचा. लोक हसून हसून लोळले, पण नियम मान्य झाले. तेव्हापासून गावात समितीचं नाव पडलं अमेरिका. "काऊन जी, आज अमेरिका बसली नाही का?" असं पारावर विचारायचे. सरांना त्याचा राग नव्हता. उलट मला वाटतं, आतून गुदगुल्याच होत असाव्यात.

पाणकर म्हणजे तलावाची मोरी उघडून पाळीपाळीने पाणी सोडणारा माणूस. आमचा पाणकर झिबल, ढिवराच्या घरचा. त्याचा बापही पाणकर होता. मोरी उघडायची लोखंडी दांडी त्याच्या घरी छपरीत टांगलेली असायची. सारं गाव त्याला 'ए झिबल' म्हणायचं, मीही. सर एकटे 'झिबलभाऊ' म्हणायचे आणि 'तुमी' म्हणायचे.

एकोणऐंशीचा हंगाम कोरडा गेला. धान निसवायला आला आणि पाऊस तुटला. तलावात पाणी मोजकं, पाळ्या लांबलेल्या. माझी पाळी चार दिवसांवर होती आणि वरच्या बांधीला भेगा पडायला लागल्या होत्या. रोज सकाळी जाऊन भेगेत बोट घालून पाहायचो. सर मित्र आहेत, पाळी पुढे घ्या म्हणून सांगावं असं मनात आलं, पण ते ऐकणार नाहीत हे माहीत होतं. तो सिहोऱ्याच्या बाजाराचा दिवस होता. अर्धी शाळा, दुपारनंतर गाव रिकामं. झिबलही बायको-पोरांसकट मासे घेऊन बाजाराला गेलेला. मी त्याच्या छपरीतून दांडी काढली, मोरी उघडली, दोन तास माझ्या बांधीत पाणी घेतलं, मोरी बंद केली आणि दांडी परत टांगून घरी आलो. भर दुपारी, लख्ख उन्हात. कोणी पाहिलं नाही. आणि बांधी भरलेली पाहून बरं वाटलं हे खरंच. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी बाजारातून लोक आले तर तलावातून शेतांकडे जाणारा नहर ओला. तलावाच्या काठावरची ओल सांगत होती की पाणी उतरलं. त्या नहरावर आम्हा सहा-सात जणांच्या बांध्या, आणि माझ्या बांधीत आदल्या पाळीचं थोडं पाणी टिकून होतं असं मी छातीठोक सांगितलं. मग उरला झिबल. दांडी त्याच्या घरी, म्हणजे त्यानेच कोणाकडून तरी काही घेऊन पाणी सोडलं, असं सगळ्यांनी धरलं. रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. झिबल उभा राहून एवढंच म्हणाला, "दांडी माह्या घरून कोणीतरी नेली जी. उलटी टांगली होती. मी उलटी टांगत नाही." लोकांनी आरडाओरडा केला, त्याला काढा म्हणून. मी सभेचं लिहून घेत होतो, कारण अक्षर माझं चांगलं. तोंडात मूग गिळून, मान खाली घालून लिहीत होतो. 'पाणकर झिबल यांच्यावर आरोप...' माझ्याच अक्षरात.

मग सर उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की हा माणूस आता काय करणार. त्यांना वाटलं, गरीब माणूस, कोणा मोठ्याच्या दबावाखाली चुकला असेल, त्याची रोजी का घालवायची? वर्षानुवर्षं शिकवलेला तो एक अधिकार आज हाताशी आला होता. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "नियमाप्रमाणे शिक्षा होते. पण अध्यक्ष म्हणून मी झिबलभाऊले माफ करतो. हा हुकूम कोणाले मोडता येणार नाही."  सरांचा चेहरा उजळला होता... आणि झिबलचा काळवंडला. तो म्हणाला, "मी चोरलंच नाही तं माफी कायची जी?" सर समजावायला लागले, "घ्या झिबलभाऊ, काम राहते तुमचं." तो जवळ आला, दांडी टेबलावर ठेवली, सरांना हात जोडले आणि निघून गेला. महिन्याभरात बायको-पोरांना घेऊन गोसीखुर्दकडे, वैनगंगेकाठी, साळ्याच्या गावी राहायला गेला.

त्या दिवशी सभा उठल्यावर सर आणि मी चालत घरी निघालो. निम्म्या वाटेत ते थांबले. मला वाटलं, चप्पल तुटली. ते म्हणाले, "बाबू, मी त्याले चोर ठरवलं. पंच नुसते म्हणून राहिले होते. शिक्का मी मारला. चौकशी करा म्हणाचं सोडून मी मोठेपणा घेतला... आन् हे मीच पोराईले शिकवतो!" माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. शपथेवर सांगतो, आलं होतं. पण त्यांचा तो चेहरा पाहून मी म्हणालो, "जाऊ द्या सर. कायले मनावर घेता?" आणि चालायला लागलो.

दुसरी मुदत संपल्यावर दोन्ही तट त्यांना तिसऱ्यांदा व्हा म्हणत होते, सरांनी ऐकलं नाही. शिकवणं चालू राहिलं, पण लाकडी भिंतीच्या पलीकडून मला एक फरक ऐकू यायला लागला. माफीच्या अधिकारावर आले की सर थांबायचे आणि म्हणायचे, "हे तुमी घरी वाचा." दरवर्षी. जो माणूस आणीबाणीत एक ओळ गाळत नव्हता, तो हे एक पान गाळायला लागला, आणि का गाळतो हे साऱ्या गावात मला एकट्याला माहीत होतं. पाणी चोरलं त्या साली माझा धान उत्तम झाला. रिवाजाप्रमाणे नवा तांदूळ सरांकडे पाठवला. वहिनींनी भात केला, मला जेवायला बसवलं. सर म्हणाले, "काय गोड तांदूळ आहे, बाबू!" मी खाली पाहून जेवलो. नऊ वर्षं मी रोज त्या घरी चहा प्यालो आणि रोज मनाशी म्हणालो, उद्या.

यंदा पोटाच्या दुखण्याने त्यांना धरलं. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन महिने ठेवून घेऊन घरी न्या म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. हात कापत होते, पेन धरवत नव्हतं. म्हणाले, "बाबू, तुमचं अक्षर चांगलं आहे. एक चिठ्ठी लिहून द्या." मी कागद घेतला. त्यांनी थांबत थांबत सांगितलं आणि मी लिहिलं... 'झिबलभाऊंना शालिक बोरकरचा नमस्कार. त्या दिवशी मी तुम्हाला माफ केलं, ते चुकलं. ज्याने काही केलं नाही त्याला माफ करता येत नाही. चोर असता तर तुम्ही माफी घेतली असती आणि कामावर राहिला असता. चोर कोण होता ते मला आजही माहीत नाही. तुम्ही नव्हता, एवढं माहीत आहे. मी तुमची माफी मागतो.' 'चोर कोण होता' हे शब्द लिहिताना माझा हात थांबला. सर म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "पेन चालून नाही राहिला." त्यांनी वाकडीतिकडी सही केली आणि कागद माझ्याच हाती दिला. "पोस्टात नका टाकू. त्यायले वाचता येत नाही. तुमी जा, वाचून दाखवा, आन् काय म्हणतात ते मले येऊन सांगा. तेवढं ऐकाचं आहे."

मी गेलो नाही. कापणी आहे म्हणालो, मग चुरणा, म्हणजे धानाची मळणी, आहे म्हणालो. पलंगावरून सर विचारायचे, "जाऊन आले का?" मी म्हणायचो, "पुढच्या आठवड्यात नक्की." शेवटी शेवटी ते तोंडाने विचारत नव्हते, मी दारात आलो की नुसते बघायचे. मरणाऱ्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती, एक दिवसाच्या प्रवासाची, आणि मी त्याला शेवटपर्यंत वाट पाहायला लावलं. त्या वाचनाच्या भीतीने. म्हणून राइस मिलवर तो शब्द मनात आला.

सर गेल्यावर अठराव्या दिवशी मी निघालो. भंडारा, पवनी, आणि पुढे पायी. झिबल नदीकाठी जाळं विणत बसला होता. केस पिकलेले. मला पाहून उठला, बसायला पोत्याची बोरी अंथरून दिली आणि पहिलं विचारलं, "सर कसे हायेत?" मी सांगितलं. त्याने जाळं बाजूला ठेवलं.  मग मी चिठ्ठी काढून वाचली. 'चोर कोण होता ते मला आजही माहीत नाही' इथपर्यंत आलो आणि पुढे वाचवेना. म्हणालो, "झिबल... झिबलभाऊ, तो मी होतो."

तो म्हणाला, "मालूम हाये मले. बाजारात त्या रोजी सारं गाव दिसलं. तुमीच नव्हते."

"मग सभेत काहून नाही सांगितलं?"

"कोण मानलं असतं जी?" मी चिठ्ठीची घडी घालायला लागलो. तो म्हणाला, "पुढं वाचा." मी शेवटपर्यंत वाचलं. त्याने सही कुठे आहे ते विचारलं, मी दाखवली, त्याने त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आता माही लिवा." मी म्हणालो, सर तर नाहीत. तो म्हणाला, "नसले तरी लिवा. त्यायनं लिवलं, तं जबाब द्याले पायजे." आणि मी मांडीवर कागद ठेवून लिहिलं... 'सर, तुमची चिठ्ठी भेटली. तुमच्यावर माहा राग होता. चार-पाच वर्ष होता. आता नाही. तुमाले माफ केलं. झिबल पाणकर.' खाली त्याने अंगठा उठवला.

मी विचारलं, "आणि मला?" विचारायला नको होतं, पण विचारलं. तो आवाज न चढवता म्हणाला, "सरनं चूक केली ते भल्यापायी. तुमी चूप बसले ते धानापायी. तुमाले कायले माफ करू?" मग त्याने मला जेवू घातलं, आणि बसपर्यंत पोहोचवायला पोरगा दिला.

परत आलो तो थेट सरांच्या घरी गेलो. वहिनी शेजारी गेल्या होत्या, दार उघडं होतं. त्यांच्या खोलीत खिडकीशी वेताची खुर्ची तशीच आहे, बाजूला पुस्तकांचा ढीग, पानांत खुणेच्या चिठ्ठ्या. मी उभ्यानेच त्या खुर्चीला झिबलचा जबाब वाचून दाखवला. दोनदा वाचला, कारण शेवटी शेवटी सरांना कमी ऐकू येत होतं. मग म्हणालो, "सर, पाणी मी घेतलं होतं." एवढंच होतं ते वाक्य. पाच शब्दांचं. नऊ वर्षं काढली मी त्याच्यासाठी. रडू आवरेना म्हणून तोंड वळवलं, तर वहिनी दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या आत आल्या, सरांच्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बसा बाबू. आता पयलेपासून सांगा."